बासष्ट आज्ञा

सातव्या मिनिटाच्या एकेचाळिसाव्या सेकंदाला माझी बायको दुसऱ्या माणसाला ‘गा’ म्हणाली. दुपारचे अडीच वाजले होते, चंद्रपूरचा मे महिना, स्टुडिओचं शटर मी उन्हासाठी अर्धं पाडलं होतं आणि कूलर मुद्दाम बंद ठेवला होता, कारण त्याच्या घरघरीत हेडफोनमधली बारीक चूक निसटते. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. ‘थांबा ना गा, मले हासू येऊन राह्यलं,’ शमीम म्हणत होती, आणि त्यापुढे ती हसत होती, आणि ते हसू मी सतरा वर्षांत ऐकलेलं नव्हतं. घरातलं तिचं हसू मला पाठ आहे. ते नाकातून निघतं, ओढणीच्या काठापाशी येतं आणि तिथेच मोडतं. हे हसू पोटातून आलं होतं, त्याला मोडायची घाई नव्हती, संगणकाच्या पडद्यावर आवाजाची जी हिरवी रेघ दिसते ती तिथे एकदम फुगून आंब्याएवढी झाली होती. मी मागे गेलो, पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे. अकरा वेळा. अकराव्यांदा मला हसू ऐकू येईनासं झालं आणि फक्त तो ‘गा’ उरला, सेकंदाचा तिसरा हिस्सा, तेवढाच.

‘गा’मध्ये तसं काही नाही. अहो नाही, अरे नाही, जी तर नाहीच. पूर्वेकडच्या झाडीपट्टीत धानाच्या, म्हणजे भाताच्या, बांधीवरून जाणाऱ्या कुठल्याही बाप्याला कुठलीही बाई म्हणेल, कुठी चालला गा. बाईला ‘व’, बाप्याला ‘गा’. स्वतःबद्दल मात्र तिथली बाईही ‘येतो, सांगतो’च म्हणते. त्यात नातं असतंच असं नाही, आणि नसतंच असंही नाही, आणि मला जे टोचलं ते नेमकं हेच. नातं असतं तर मी ते नाव घालून एका रकान्यात लिहून मोकळा झालो असतो. मी मत्सर करणारा माणूस नाही. मी नोंद ठेवणारा माणूस आहे. लग्नाच्या व्हिडिओत कोणती मावशी कॅमेरा आला की रडते आणि गेला की पान मागते हे मी सांगू शकतो. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर ‘साहेब आहेत’ म्हणण्याआधी किती वेळ थांबतो त्यावरून साहेब आहेत की नाहीत हे मला कळतं. माणसं शब्दांत खोटं बोलतात, पण दोन शब्दांमधल्या जागेत खोटं बोलायला फार थोड्यांना जमतं, आणि माझा सगळा धंदाच त्या जागेचा आहे.

धंदा असा. शेतीखात्याला धानावर एक सीडी करून हवी होती, पऱ्ह्यापासून पुंजन्यापर्यंत, म्हणजे रोपापासून ते कापून रचलेल्या ढिगापर्यंत. एकोणीस मिनिटांचा आवाज आणि बासष्ट चित्रं. ही चित्रं कुणी हाताने बदलायची नव्हती. आवाजाच्या फायलीतच प्रत्येक वेळेपुढे एक आज्ञा लिहायची: अमुक मिनिट, अमुक सेकंद, त्याचा अमुक दशांश, आणि त्या क्षणी हे चित्र दाखव. एकदा आज्ञा आत बसल्या की गावातल्या माणसाने नुसतं बटण दाबायचं, आवाज चालत जातो आणि जाता जाता चित्रं बदलत जातात. पंधरा वर्षांपूर्वी मी हेच काम स्लाइडच्या डब्यावर करायचो. कॅसेटवर ‘टिंग’ वाजलं की बोट दाबायचं. तेव्हा चूक झाली तर बोटाची असायची. आता, दोन हजार तीन साली, बोट गेलं, फक्त नोंदवही राहिली. मला ते आवडलं होतं. आज्ञा शब्दाच्या जरा आधी लिहावी लागते, कारण यंत्र जड असतं, ऐकल्यावर हलायला त्याला अर्धा सेकंद लागतो. शब्द तोंडातून निघायच्या आत चित्र वाटेला लागलेलं असलं पाहिजे. हे गणित चंद्रपुरात माझ्याइतकं कुणाला जमत नाही, हे मी सांगत नाही, लोक सांगतात.

आवाजासाठी आधी नागपूरची एक निवेदिका आली होती. तिने ‘रोपांची लावणी’ असं म्हटलं तेव्हा चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली शमीम पुटपुटली, ‘रोवणा म्हंतात ना त्याले.’ ट्रेमधल्या कपांनी ते ऐकलं असतं तरी चाललं असतं, पण ऐकलं अन्नपूर्णा मॅडमनी, खात्याच्या प्रशिक्षण अधिकाऱ्यांनी. त्या वळल्या. ‘आणि लावणीच्या आधी जे लावतात ते?’ ‘पऱ्हे.’ ‘आणि शेताच्या वाफ्याला?’ ‘बांधी. अन् तिच्या काठाले धुरा.’ मॅडमनी निवेदिकेला दुपारच्या गाडीत बसवून दिलं आणि आवाज शमीमचा ठरला. शमीमचे वडील नागभीडजवळच्या खेड्यात शिंपी होते, रोवण्याच्या आधी गावातल्या बायका त्यांच्याकडून चोळ्या शिवून घ्यायच्या, आणि शमीम सातवीपर्यंत शाळेत कमी आणि चिखलात जास्त होती. हे मला माहीत होतं, म्हणजे निकाहाच्या वेळी सांगितलं होतं म्हणून माहीत होतं. खात्याने तिच्या मदतीला, शब्द तपासायला, त्याच गावचा एक माणूस धाडला. मुखरू. आणि ज्या दोन दिवसांत पाठीमागच्या खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून, आवाज भरला गेला, त्या दोन दिवसांत मी राजुऱ्याला एका लग्नाच्या शूटिंगवर होतो. यंत्र शमीमनेच चालवलं. मी नसलो की स्टुडिओ तीच चालवते.

मुखरूला पाहिलं असतं तर कुणीही माझ्यावर हसलं असतं. मी स्वतः हसलो होतो. पंचावन्नच्या पुढचा, गळ्याची हाडं शर्टातून बाहेर, वरचा एक दात नाही, गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळे बोलण्याआधी उठून दाराबाहेर जाणार, थुंकणार, परत येणार आणि मग उत्तर देणार. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांत प्रॉम्प्टर, उरलेलं वर्ष दोन एकर धान. म्हणजे ज्याचा आवाज कुणालाच ऐकू जाऊ नये अशा कामात ज्याचं आयुष्य गेलं असा माणूस. अशा माणसाचा मत्सर करायचा तर आधी स्वतःचीच किंमत उतरवून घ्यावी लागते. तरी मी आरशात माझे दात पाहिले. सगळे होते.

मग मी मोजायला लागलो. कच्च्या टेपमध्ये परिच्छेदांच्या मधे त्यांचं बोलणं होतं, कापून टाकायचं, काडीचंही काम नसलेलं. ‘काऊन हासतेस व शमे?’ ‘तुमी त्या बुधरीसारकं तोंड करता म्हणून.’ ‘बुधरी मेली ना मागच्या साली.’ ‘मेली? काय सांगता! कशानं?’ ‘म्हातारपनानं व, अजून कशानं मरते मानूस.’ ही बुधरी कोण, मला ठाऊक नव्हतं. तिच्यासारखं तोंड म्हणजे कसं तोंड, तेही नाही. माझ्या घरात सतरा वर्षं राहणाऱ्या बाईच्या डोक्यात एक बुधरी होती, ती जिवंत होती आणि आता मेली, आणि दोन्ही खबरा मला एका परक्या माणसाच्या तोंडून, पडद्यावरच्या हिरव्या रेघेतून कळत होत्या. मी प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर यांच्यामधली जागा मोजली. मुखरूने विचारलं की शमीम पाव सेकंदात उत्तर देते. कधी कधी त्याचं वाक्य संपायच्या आत. मग त्या संध्याकाळी घरी जेवताना मी मनात आकडे धरून बसलो. ‘नमक ज़्यादा हुआ क्या?’ मी विचारलं. एक, दोन. ‘नहीं तो. आपको लगा?’ पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी. ‘माझी निळी फाइल कुठाय?’ एक, दोन, थोडं जास्त. ‘कपाट के ऊपर.’ दोन सेकंद. नेहमी दोन. त्या दोन सेकंदांना मी सतरा वर्षं अदब समजत आलो होतो.

ते दोन सेकंद कुठून आले, हे खरं तर मला माहीत होतं, आणि माहीत असलेली गोष्ट शोधत बसण्यासारखं दमवणारं काम नाही. लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या राजुऱ्याच्या घरी अंगणात पाहुणे बसले होते. अम्मीने तिला आत काही विचारलं आणि ती म्हणाली, ‘मले नाई माहीत, अम्मी.’ अम्मी हसली. वाईट नाही हसली. पण मग तिने ते बाहेर येऊन सांगितलं, आणि बाहेर मी होतो, आणि ‘मले, तुले’ची नक्कल मी अम्मीपेक्षा चांगली करायचो. मी ती दोस्तांपुढे केली, स्टुडिओत केली, एकदा तिच्या धाकट्या भावापुढेही केली. सगळ्यांत जास्त शमीमच हसली, ओढणीच्या काठापाशी. मग ती हळूहळू साफ बोलायला लागली. सुनिये, आप, जी अच्छा. अम्मी म्हणायची, बहू सुधर गई. मला आठवतं, त्या वर्षी पावसाळा संपताना एकदा ती मागच्या दारात बसून तांदूळ निवडत होती आणि हलक्या आवाजात काहीतरी म्हणत होती, गाणं की नुसतं बोलणं, कळलं नाही. मी आलो तशी ती थांबली. मी विचारलं, काय म्हणत होतीस? ती म्हणाली, कुछ नहीं. आता वाटतं की त्या वेळी मी आत गेलो नसतो, दाराआडच उभा राहिलो असतो तर. पण तेव्हा मला दाराआड उभं राहायची सवय नव्हती. ती आता लागली. कच्च्या टेपमधलं ते कापलेलं बोलणं मी टाकून न देता ‘टेस्ट-३’ अशा नावाने ठेवून दिलं आणि गिऱ्हाईक नसताना ऐकत राहिलो.

काम मात्र मी चोख केलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्याचा दोष माझ्या हाताकडे जाऊ नये. सोमवारी स्टुडिओत अन्नपूर्णा मॅडम, मुखरू आणि शमीम तिघांना मी ती सीडी दाखवली. शमीमचा आवाज म्हणाला ‘बांधी’ आणि बांधी आली. ‘पऱ्हे’ म्हणताच पऱ्हे, हिरवेगार. ‘रोवणा’ म्हणताच वाकलेल्या बायकांची रांग. बासष्टपैकी एकही चित्र ना आधी, ना नंतर. मॅडम म्हणाल्या, ‘कय्यूमभाई, शब्द तोंडातून निघतो आणि वस्तू हजर!’ शमीमने माझ्याकडे पाहिलं. ‘आपने किया ये?’ तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी नोंदवून ठेवायला हवं होतं, पण तेवढ्यात मॅडम बोलल्या. अशाच आणखी बारा सीड्या करायच्या आहेत. कापूस, सोयाबीन, मोहफूल, हिवताप, सगळं. गडचिरोलीच्या प्रशिक्षण केंद्रात, सहा आठवडे, राहायची सोय आहे. आवाज शमीमताईंचा, शब्द मुखरूभाऊंचे. ‘आणि तुम्हाला त्रास नको, कय्यूमभाई, आज्ञा टाकायला केंद्रात आमचा माणूस आहे. बुधवारी नागभीडला शेतकऱ्यांपुढे ही सीडी लावू. वरचे साहेब म्हणतात, लोकांना बाईंचा आवाज पटला तरच पुढचं.’ मुखरू बाहेर जाऊन थुंकून आला आणि म्हणाला, ‘बारा काय मॅडम, आमी दोघं मिळून चोवीस करू.’ आमी दोघं. मॅडमनी शमीमला विचारलं, येणार ना? शमीम म्हणाली, ‘घरी इचारून सांगतो.’ घर तिच्यापासून तीन फुटांवर, स्टुलावर बसलं होतं.

त्या संध्याकाळी तिने विचारलं. पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे पाठ करून. ‘जाऊँ क्या मैं?’ मग माझ्या उत्तराची वाट न पाहता तिने मला कारणं दिली, ओळीने, जणू कुणाकडून पाठ करून आली होती: आमच्या मुलीची, नाजियाची, दहावी झाली आहे, तिला सगळा स्वयंपाक येतो, सहा आठवडेच आहेत, गडचिरोली काय लांब नाही, शनिवारी येऊन जाईन. लाटणं थांबलं होतं. एवढं लांब ती माझ्याशी फारच कमी बोलते. मी म्हणालो, ‘देखेंगे. नागभीडचं होऊ दे आधी.’ लाटणं पुन्हा सुरू झालं. मी नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हणणारा नवरा मला व्हायचं नव्हतं. स्टुडिओवर बायकोचं नाव लावणारा, तिला यंत्र शिकवणारा, मोहल्ल्यात सुधारलेला म्हणून ओळखला जाणारा माणूस मी. नाही बाहेरूनच आलं तर बरं, लोकांकडून, नागभीडच्या त्या सभागृहातून, म्हणजे तिला दिलासा द्यायला मी मोकळा.

मंगळवारी मी शमीमला दुपारीच घरी पाठवलं. ‘काम झालं, तुम जाओ, आराम करो.’ मग फाइल उघडली. सगळ्या आज्ञा एकदम पुढे ढकलायची सोय त्यात असते, एका चौकटीत आकडा टाकायचा की झालं. किती टाकावा यावर मी बराच विचार केला. अर्धा सेकंद टाकला तर लोक यंत्राला दोष देतील. तीन सेकंद टाकले तर सीडीच बिघडली म्हणतील, आणि बिघडलेली सीडी म्हणजे माझं नाव. मधे एक जागा असते, जिथे चित्र उशिरा येतंय असं कुणाच्या लक्षात येत नाही, बोलणारी घाई करते आहे असं वाटतं. उथळ वाटते. बाईला वाचता येत नाही, असं वाटतं. मी चौकटीत दीड टाकला. शमीमच्या आवाजाला मी हातही लावला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. एक श्वास कापला नाही, एक शब्द हलवला नाही. तिचा आवाज जिथल्या तिथे होता. मी फक्त जग थोडं उशिरा आणलं. बटण दाबलं तेव्हा बोटाला काहीच जाणवलं नाही, आणि जुन्या स्लाइडच्या डब्याची मला आठवण आली, त्याचं बटण निदान कट्ट वाजायचं.

नागभीडच्या सभागृहात दीडशे माणसं होती, बाप्ये डावीकडे, बाया उजवीकडे. खिडक्यांना काळे कागद लावून दिवसाच अंधार केलेला. मागे प्रोजेक्टरपाशी मी उभा, डब्याची गरम हवा पोटावर. शमीम बायांच्या दुसऱ्या रांगेत मॅडमच्या शेजारी. आवाज सुरू झाला, ‘रामराम. हे पाहा आपली बांधी,’ आणि भिंत पांढरीच राहिली. कुणीतरी ओरडलं, ‘लाइन गेली का?’ हशा. बांधी आली तोवर शमीम धुऱ्यापर्यंत पोचली होती. धुरा आला तोवर पऱ्ह्यांपर्यंत. माझ्यापुढच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, ‘बाई लय घाईत हाय बे. हिले गाडी पकडाची हाय का?’ हे वाक्य मी सोमवारपासून जणू मनात लिहून ठेवलं होतं, आणि ते शब्दशः वाजलं. मला आनंद झाला. अगदी बारीक, जिभेखाली चोखायची गोळी असावी तसा. शमीमने मान वळवून मागे पाहिलं. अंधारात तिला प्रोजेक्टरचा उजेडच दिसला असणार, त्याच्यामागचा मी नाही. असं मी धरून चाललो.

सहाव्या की सातव्या चित्रापाशी ते घडलं. आवाज म्हणाला, ‘आता बुडापाशी पाहा. शेंडा वाळला. धरून ओढला त हातात येते.’ भिंतीवर अजून मागचंच हिरवं शेत होतं. बायांच्या पहिल्या रांगेतून एक म्हातारी, तिला पुढे सगळे मनकर्णाबाई म्हणत होते, बसल्या जागेवरून ओरडली, ‘खोडकिडा होय माय तो!’ आणि खोडकिडा आला. भिंतभर, पांढरा, लठ्ठ. अख्खं सभागृह उसळलं. ‘मनकर्णाबाईनं आनला व किडा!’ ‘बुडी मशीनच्या पुढं निंगाली!’ पुढच्या वेळी आवाज म्हणाला, ‘पान पिवळं, मंग तांबडं, बांधीत गोल गोल जळल्यावानी,’ आणि चार जण एकदम, ‘तुडतुडा!’ एक जण, ‘नाई बे, करपा!’ आणि आला तुडतुडा, आणि करपावाल्याच्या पाठीत धपाटे. ‘तुह्या बांधीत पीक कोनतं हाय तेच तुले माहीत नाई, किडा काय वळखशीन!’ त्यानंतर कुणी नुसतं पाहत बसलं नाही. प्रत्येक शब्दावर लोक पुढे सरकत होते, कान देत होते, अंदाज ठोकत होते, आणि भिंत मागून येऊन हो किंवा नाही म्हणत होती. मी प्रोजेक्टरवर हात ठेवून उभा होतो आणि पाहत होतो, की त्या दीड सेकंदात भिंतीवर काहीच नसतं, आणि तरी दीडशे माणसांना ते दिसत असतं. तिच्या नुसत्या बोलण्यातून दिसत असतं. सोमवारी चित्र शब्दाला झाकून टाकत होतं. आता शब्द एकटा उभा होता, आणि सगळे त्याच्याभोवती. एका मुखरूपुरता जो आवाज मला सहन होत नव्हता तो मी स्वतःच्या हाताने अख्ख्या गावाला वाटला होता.

खिडक्यांचे कागद काढले तेव्हा लोक उठायला तयार नव्हते. बायांनी शमीमला घेरलं होतं, कुणाची व तू, कोन्या गावची, शिंप्याची का, अगं माय, तुह्या बापानं शिवलेली चोळी माह्याकडे हाय अजून. मॅडम त्या घोळक्यातून तिला हाताला धरून माझ्यापाशी घेऊन आल्या. मुखरूही आला, गाल फुगलेला. मॅडमचा चेहरा फुलला होता. ‘सोमवारी चित्र लगेच येत होतं. हे थांबवणं कुणाचं डोकं? मुखरूभाऊ, तुमचंच! नाटकातली युक्ती ना ही? आधी शब्द, मग पात्र!’ आता खर्रा तोंडात असलेला माणूस नाही म्हणण्याआधी थुंकायला जातो. मुखरूने हात वर केला, हसला, मान हलवली आणि दाराकडे निघाला. जो ओळखत नाही त्याला ती मान होकाराची वाटली असती. मॅडमना वाटली. ‘बघा, बोलत पण नाहीत,’ त्या म्हणाल्या, ‘किती साधा माणूस!’ आणि शमीम दाराकडे जाणाऱ्या त्या पाठमोऱ्या माणसाकडे पाहून हसायला लागली होती.

‘मी केलं ते,’ मी म्हणालो.

माझा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. मॅडम वळल्या. ‘म्हणजे?’

‘दीड सेकंद. बासष्टच्या बासष्ट आज्ञा. मी टाकला.’

‘अरे वा! पण कधी? सोमवारी तर…’

‘मंगळवारी. दुपारी.’

‘कुणी सुचवलं?’

‘कुणी नाही.’ आणि तरी मला ते पुरेसं वाटलं नाही, मुखरू दारातून परत येत होता. ‘मुद्दाम मोजून टाकला. अर्धा चालला नसता, तीनही नाही. दीडच लागतो.’

मॅडम खूश होऊन मान डोलवत होत्या. शमीमचं हसू ओसरलं होतं. ती माझ्याकडे पाहत होती. मंगळवार दुपार, काम झालं, तुम जाओ. यंत्र तिला येतं, ती चौकट तिला माहीत आहे, त्यात आकडा कशाला टाकतात तेही. बेरीज करायला तिला वेळ लागला नाही, आणि ती करताना तिचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. मी पुष्कळ चेहरे वाचले आहेत. हा मला वाचत होता. तेवढ्यात मुखरू येऊन पोचला, मोकळ्या तोंडाने, मनापासून. ‘मी काईच नाई केलं मॅडम, हेच सांगून राह्यलो होतो. मले त सुरवातीले वाटलं, कोनं खोडी केली. आता पोरीचं नाव खराब होते म्हटलं, लोकाईपुढं. जीव असा खाली-वर होऊन राह्यला होता माहा.’

‘माहाही, भाऊ,’ शमीम म्हणाली.

‘मग हाच हिशोब,’ मॅडम म्हणाल्या, ‘बाराही सीड्यांना हाच दीड सेकंद. केंद्रातल्या माणसाला लिहून द्या, कय्यूमभाई. आणि शमीमताई, आता काय ते सांगा बाई. घरी विचारलंत?’

मी काहीतरी म्हणणार होतो. हो, जाऊ दे, मी आनंदाने पाठवतो, असंच काहीतरी, चांगलं. ते माझ्या तोंडाशी आलंही होतं.

‘इचारलं,’ शमीम म्हणाली. ‘घरचं उत्तर आताच भेटलं, मॅडम. मी येतो.’

परत येताना खात्याची जीप होती. पुढे ड्रायव्हरशेजारी मॅडम आणि शमीम, मागे प्रोजेक्टर, वायरींची पिशवी आणि मी. मधे काच होती, सरकत नसलेली. नागभीड सुटलं, बांध्या सुटल्या, दोन्ही बाजूंनी सागाचं वाळकं जंगल लागलं. शमीम बोलत होती. तिचा हात खिडकीबाहेर कशाकडे तरी दाखवत होता, मॅडम हसत होत्या, मग शमीम हसत होती, मान मागे टाकून. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. इंजिनाच्या आवाजात एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तिचे ओठ पाहून शब्द लावायचा मी प्रयत्न केला, मूल गाव लागेपर्यंत केला, मग जे हाताशी होतं ते केलं. खिशातून कागद काढला आणि केंद्रातल्या त्या माणसासाठी, खडखडत्या जीपमध्ये जमेल तेवढ्या सुवाच्य अक्षरात, कसं करायचं ते लिहायला घेतलं.